मंदिराच्या वाटेवरची मूर्ती : शिल्पकार गणपतराव म्हात्रे



मागच्या महिन्यात आपल्या पॅरिश कौन्सिलची बैठक झाली. तिथे ग्रोटोतल्या मातमाउलीच्या मूर्तीचा विषय निघाला. मूर्तीच्या उजव्या हाताची बोटे तुटली आहेत, पायाशी चीर गेली आहे आणि रंग पार उडाला आहे, हे आपण सर्वजण पाहतोच. कारागिराने खर्चाचा अंदाज दिला होता. तो ऐकून आपल्यातील दोन-तीन तरुणांनी हरकत घेतली. यंदा पावसाने दगा दिला, विहिरी तळाला गेल्या, काही वस्त्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, मुलांच्या फीचे पैसे घराघरांत अडले आहेत. अशा वर्षी मूर्तीवर पैसा घालवणे बरे दिसते का, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता. आम्हीही लगेच मान डोलावली आणि मूर्ती थांबू शकते असे बोलून विषय मिटवायला निघालो.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजी बोलल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होत्या. सुकडी खाऊन दिवस काढले, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी कामावरून परत येताना बायका याच मूर्तीपुढे थांबत, फुटलेले हात जोडत आणि मग घरी जात. त्या वर्षी मातमाउलीची गरज नाही असे कोणी म्हणाले नव्हते, एवढेच बोलून आजी खाली बसल्या. बैठकीत कोणाला काही सुचेना. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या रात्री आम्हाला एका माणसाचे जीवन आठवले. तो ख्रिस्ती नव्हता, आपल्या जिल्ह्यातलाही नव्हता. परंतु संकटाच्या काळात मूर्ती घडवावी की नाही, हा प्रश्न त्याच्या आयुष्याने आपल्यापुढे नीट मांडला आहे, असे आम्हाला वाटते. पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी आपण सर्वांनी त्याची कथा वाचावी, म्हणून हा लेख.

एक विद्यार्थी आणि एक मूर्ती

गणपतराव काशीनाथ म्हात्रे यांचा जन्म १८७६ साली पुण्यात झाला. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी पाऊस गेला आणि दख्खनचा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला, जो १८७८ पर्यंत चालला. आपल्या जिल्ह्यातून जाणारी दौंड-मनमाड रेल्वे आपण रोज पाहतो. तिचे मातीकाम त्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांच्या हातांनी झाले आहे. आपल्या भागात जर्मन जेझुइट धर्मगुरूंचे काम उभे राहिले तेही त्याच दुष्काळाच्या मागोमाग. म्हणजे ज्या काळात आपल्या पणजोबांच्या घरी श्रद्धेचे बी पडले, त्याच काळात हे बाळ पुण्यात पाळण्यात होते.

मुलाच्या हातात कला होती. तरुणपणी ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. ही संस्था १८५७ साली सुरू झालेली. क्रॉफर्ड मार्केटच्या अगदी जवळ तिचे आवार आहे. मार्केटच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेली कष्टकऱ्यांची चित्रे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. ती याच संस्थेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. संस्थेतले शिक्षण इंग्रजी वळणाचे होते. ग्रीक व रोमन मूर्तींचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवायचे आणि विद्यार्थ्यांनी त्यांची हुबेहूब नक्कल करायची, अशी पद्धत. त्यामुळे आपल्या मुलांचे हात तयार होत, पण डोळ्यांपुढे नेहमी परक्या देशाचे देव आणि परकी माणसे असत.

मोठे पुतळे घडवण्याचे काम तर आपल्याकडच्या माणसाला मिळतच नसे. मुंबईतला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल याने इंग्लंडमध्ये घडवला आणि तो जहाजाने इथे आला. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तोही परदेशी शिल्पकाराचा. हिंदी माणसाने छोटी-मोठी कारागिरी करावी, खरे शिल्प मात्र युरोपातूनच यावे, अशी समजूत होती.

अशा वेळी वीसएक वर्षांच्या या विद्यार्थ्याने एक मूर्ती घडवली. पूर्ण उंचीची तरुण स्त्री. नऊवारी लुगडे नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेऊन मंदिराकडे निघालेली. इंग्रजीत तिला 'टू द टेम्पल' म्हणत. मराठीत 'मंदिरपथगामिनी' हे नाव रूढ झाले. अंगाचा तोल, वस्त्राच्या चुण्या, शरीराची प्रमाणे यांत ग्रीक मूर्तींचा सगळा अभ्यास दिसतो. पण ती बाई ग्रीक नाही. कोणत्याही गावात पहाटे नदीवरून येताना दिसेल अशी ती आपल्या घरची लेक आहे. १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने या शिल्पाला रौप्यपदक दिले.

मातीची मूर्ती कशी उभी राहते

ही मूर्ती कशाची होती, हे सांगायला हवे. ती ना संगमरवराची होती, ना काशाची. ती प्लास्टरची होती. विद्यार्थ्याला संगमरवर कोण देणार?

अशी मूर्ती घडवण्याची रीत साधारण अशी असते. आधी लोखंडी सळया आणि तारा यांचा सांगाडा उभा करतात. त्यावर ओली माती थापत जातात. माती फार जड असते. सांगाडा कच्चा असला तर महिन्याभराची मेहनत एका रात्रीत खाली बसते. काम चालू असेपर्यंत माती ओली राहायला हवी, म्हणून रोज संध्याकाळी मूर्तीला ओली फडकी गुंडाळतात आणि सकाळी सोडतात. एक दिवस विसर पडला की माती सुकते आणि तडा जातो. मूर्ती मनासारखी झाली की तिच्यावर प्लास्टरचा थर चढवून साचा काढतात. मग आतली माती खरवडून टाकतात. म्हणजे कित्येक दिवस ज्या मातीवर जीव लावला, ती शेवटी टाकून द्यायची असते. रिकाम्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओततात, ते घट्ट झाल्यावर बाहेरचा साचा छिन्नीने हळूहळू फोडतात, आणि आतून मूर्ती निघते. छिन्नी थोडी खोल गेली तर नाक किंवा बोट गेलेच.

शेतकऱ्याच्या आणि शिल्पकाराच्या कामात फारसा फरक नाही, असे आम्हाला हे वाचताना वाटले. दोघांनाही मातीचा ओलावा सांभाळावा लागतो, आणि दोघांचेही सगळे काम एका चुकलेल्या दिवसात जाऊ शकते.

त्याच वर्षी प्लेग आला

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक गोव्याचे कॅथलिक डॉक्टर रुग्ण तपासत होते. त्यांचे नाव डॉ. अकासियो व्हिएगस. काखेत किंवा जांघेत गाठ, भडकलेला ताप आणि काही दिवसांत मृत्यू, अशी लक्षणे त्यांना दिसली. हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. ही बातमी कोणालाच नको होती. बंदराचा व्यापार बुडेल, शहर रिकामे होईल, अशी भीती होती. पण डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले.

मांडवी आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट यांमधले अंतर पायी सहज जाण्यासारखे आहे. म्हणजे ज्या वर्षी गणपतरावांच्या मूर्तीला पदक मिळाले, त्याच वर्षी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर माणसे उंदरांसारखी मरू लागली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. गिरण्यांतले कामगार गावाकडे पळाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. अधिकाऱ्यांना घरात शिरून झडती घेण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. तोच कायदा आपण २०२० मध्ये करोनाच्या काळात पुन्हा वापरात आलेला पाहिला.

प्लेग पुण्यात पोहोचला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. पुण्यातल्या झडत्यांचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. याच चापेकरांनी त्याआधी, १८९६ मध्ये, मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले होते. यावरून त्या काळात पुतळा ही किरकोळ गोष्ट नव्हती, हे ध्यानात येते. पुतळ्यात कोणाचा मान आहे आणि कोणाचा अपमान, हे लोकांना नेमके कळत होते.

शहरात प्लेग आणि खेड्यांत दुष्काळ. १८९६-९७ मध्ये दख्खनमध्ये पाऊस गेला. आपला जिल्हा, सोलापूर, विजापूर, सगळीकडे लोक दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. त्यातून सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. तो पश्चिम भारतातल्या सर्वात भयंकर दुष्काळांपैकी एक ठरला. गुरे मेली, घरे उठली, मुले पोरकी झाली. मिशनच्या घरांत अनाथ मुलांची गर्दी झाली. आपल्या कित्येक घराण्यांची ख्रिस्ती श्रद्धेची कहाणी त्याच अनाथालयांच्या दारातून पुढे आली आहे, हे आपण विसरू नये.

संकटात मूर्तीचा प्रवास

अशा या चार-पाच वर्षांत गणपतरावांच्या मूर्तीची कीर्ती पसरत गेली. तिचा फोटो इंग्लंडमध्ये सर जॉर्ज बर्डवूड यांच्याकडे पोहोचला. हे गृहस्थ हिंदी हस्तकलांचे मोठे जाणकार होते, पण हिंदी माणसाला उच्च दर्जाची मूर्तिकला साधते यावर त्यांचा विश्वास नव्हता. या मूर्तीने त्यांना थक्क केले आणि १८९८ मध्ये त्यांनी तिच्याविषयी कौतुकाने लिहिले. दुसरे काही जाणकार मात्र शंका घेत राहिले. हे काम खरोखर एका हिंदी विद्यार्थ्याचे स्वतंत्र काम आहे का, की ग्रीक मूर्तीचीच नक्कल आहे, असा वाद झाला. याच सुमारास तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी फोटो पाहून या मूर्तीवर एक लेख लिहिला. एका मराठी विद्यार्थ्याच्या प्लास्टरच्या मूर्तीमुळे, जी त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलीही नव्हती, बंगाली कवीला आपल्या देशाविषयी आशा वाटली.

१९०० साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे शिल्प मांडले गेले. ज्या वर्षी आपले पूर्वज दुष्काळी कामावर दगड फोडत होते, त्याच वर्षी त्यांच्यातल्याच एका बाईची मूर्ती पॅरिसमध्ये पूजेचे साहित्य घेऊन उभी होती. भाविकहो, हे वाचून कोणाला राग येऊ शकतो. माणसे उपाशी असताना पॅरिसला प्रदर्शन कसले, असे कोणी म्हणेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले. पण दुसरी बाजू पाहावी. त्या काळात जगाच्या वर्तमानपत्रांत हिंदुस्थानचे जे फोटो छापून येत, ते हाडांच्या सापळ्यांचे होते. ते फोटो खरे होते आणि त्यांमुळे मदतही मिळाली. परंतु आपली माणसे म्हणजे केवळ भुकेली पोटे नव्हेत, हे सांगणारी एकच गोष्ट त्या वेळी पॅरिसला गेली असेल, तर ती या मूर्तीसारखी होती. उपाशी माणसालाही चेहरा असतो, चालण्यात डौल असतो, आणि देवाकडे जाण्याची ओढ असते.

पुढचे आयुष्य

गणपतरावांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. त्यांनी मुंबईतच राहून काम केले. 'शबरीच्या वेषातील पार्वती' हे त्यांचे दुसरे गाजलेले शिल्प. मोठी कामे आता विलायतेऐवजी त्यांच्याकडे येऊ लागली. अहमदाबादसाठी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा त्यांनी घडवला. म्हैसूरच्या चौकातला महाराज चामराजेंद्र वाडियार यांचा पुतळा त्यांचाच. मुंबईत चर्चगेटजवळ न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा पुतळा उभा आहे, तोही त्यांच्या हातचा. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

यात एक गोष्ट आमच्या मनाला लागली. जाणकार लोक असे म्हणतात की पुढे मानसन्मानाची आणि राजेरजवाड्यांची इतकी कामे करूनही त्यांचे नाव टिकले ते विद्यार्थीदशेतल्या त्या एका प्लास्टरच्या मूर्तीमुळे. ती कोणी सांगितली म्हणून घडवलेली नव्हती. तिच्यात कोणाची पदवी नव्हती, कोणाचा हुद्दा नव्हता. नाव नसलेली एक बाई देवाच्या दाराकडे चालली आहे, एवढेच तिच्यात होते.

३० एप्रिल १९४७ रोजी गणपतराव वारले. देश स्वतंत्र व्हायला साडेतीन महिने उरले होते. दुष्काळात जन्म, प्लेगमध्ये कीर्ती, १९१८ ची तापाची साथ आणि दोन महायुद्धे पाहून एका आयुष्याचा शेवट झाला. संकट टळेल आणि मग काम करू, असे त्यांनी म्हटले असते तर त्यांना सबंध आयुष्यात एकही मूर्ती घडवता आली नसती.

त्यांनी मळलेल्या वाटेने पुढची मंडळी आली. त्यांपैकी बाळाजी वसंत तालीम यांचे काम आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, नाव ठाऊक नसले तरी. शिर्डीच्या समाधिमंदिरात १९५४ साली बसवलेली साईबाबांची संगमरवरी मूर्ती त्यांनी घडवली.

मग आपण काय धरावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणे आम्हाला पाठ करावी लागली. ती समजावून देताना शिक्षक हटकून मूर्तीचाच दाखला देत. मूर्ती कशाची केली ते एक कारण. तिला कोणता आकार दिला ते दुसरे. कोणी घडवली ते तिसरे. आणि कशासाठी घडवली ते चौथे. त्या वयात आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले. आज असे वाटते की आपल्या बैठकीतला सगळा वाद पहिल्या कारणाभोवती फिरत होता. सामान किती लागेल, पैसे किती पडतील, एवढेच आपण मोजत होतो. आजींनी चौथे कारण आठवून दिले. ती मूर्ती तिथे कशासाठी आहे?

ती शोभेसाठी असेल तर तरुणांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि ती थांबलीच पाहिजे. शेजारच्या पॅरिशपेक्षा आपली ग्रोटो उजवी दिसावी म्हणून असेल, तर ती चांगल्या पावसाच्या वर्षीही करू नये. परंतु दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईला हात जोडायला कोणीतरी समोर असावे म्हणून ती असेल, तर तिची गरज दुष्काळात कमी होत नाही, वाढते.

मुंबईच्या प्लेगमध्ये आपल्या ख्रिस्ती लोकांनी काय केले ते पाहा. वांद्रे, गिरगाव या भागांत रस्त्याच्या कडेला अनेक क्रूस दिसतात. त्यांतले बरेचसे त्या प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. घरोघर माणसे मरत होती, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी थोडे थोडे पैसे काढून दगडाचा क्रूस उभा केला आणि संध्याकाळी त्याच्यापुढे जपमाळ म्हटली. तेच लोक रोग्यांनाही सांभाळत होते. डॉ. व्हिएगस यांनी रोग्यांसाठी जीव धोक्यात घातला. आज मेट्रो सिनेमासमोर त्यांचाही पुतळा आहे. सेवा आणि मूर्ती यांत भांडण लावायला हवेच असे नाही, हे त्या चौकात उभे राहिले की कळते.

शुभवर्तमानात बेथानीची गोष्ट आहे. मरियेने भारी किमतीचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले. ते तीनशे दिनारांना विकून गोरगरिबांना देता आले असते, असा आक्षेप यहूदाने घेतला. तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी. हिशेब चुकीचा नव्हता. तरी प्रभूने मरियेची बाजू घेतली. पण लक्षात ठेवा, ज्याने मरियेची बाजू घेतली त्यानेच भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी दिले की नाही यावरून न्याय होईल, असेही शिकवले आहे. चौथ्या शतकात संत अँब्रोज यांनी कैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याचांदीची भांडी वितळवली. संत योहान क्रिझोस्टोम यांनी तर वेदी सजवून दारातल्या उपाशी ख्रिस्ताला विसरणाऱ्यांना चांगलेच सुनावले होते. म्हणून मातमाउलीच्या नावाने कोणी टँकरकडे पाठ फिरवली, तर ती भक्ती नव्हे.

आणखी एक गोष्ट. मंदिराकडे जाणाऱ्या हिंदू बाईच्या मूर्तीविषयी आपले धर्मगुरू चर्चच्या पत्रकात का लिहितात, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच आपल्याला सांगितले आहे की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आणि खरे सांगायचे तर आपल्या ग्रोटोपुढे हात जोडणाऱ्या सगळ्याच बायका रविवारी मिस्साला येणाऱ्या नसतात. वाटेने जाणारी शेजारीण क्षणभर थांबते, डोक्यावर पदर घेते आणि पुढे जाते. मतमाउलीच्या यात्रेला हरेगावी कोण कोण येते, हे आपण जाणतोच. आपण मूर्तीची पूजा करत नाही. मूर्ती जिची आहे तिच्याकडे, आणि तिच्या पुत्राकडे, मन वळवतो. गणपतरावांच्या मूर्तीत देव कुठेच दिसत नाही. देवाकडे निघालेला माणूस दिसतो. प्रार्थनेचे चित्र यापेक्षा वेगळे काय असते?

आमचे म्हणणे

भाविकहो, त्या दिवशी मूर्ती थांबू शकते असे आम्ही घाईने बोललो. ते बोलणे आम्ही परत घेतो. त्याच वेळी तरुणांचा प्रश्नही आम्ही खाली पडू देणार नाही, कारण तो गरिबांच्या बाजूने विचारला गेला होता.

पुढच्या बैठकीत आम्ही असे सुचवणार आहोत. पहिली वर्गणी पाण्यासाठी आणि मुलांच्या फीसाठी व्हावी. ती पुरेशी जमेपर्यंत मूर्तीचा एक रुपयाही कोणाकडून मागू नये. त्यानंतर मूर्तीसाठी एक वेगळी पेटी चर्चच्या दाराशी ठेवावी. तिच्यात ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढे टाकावे. नावे वाचली जाणार नाहीत, देणगीदाराची फरशी बसणार नाही. नवी मूर्ती आणायची नाही. आहे तीच दुरुस्त करायची. तुटलेली बोटे पुन्हा बसवायची, चीर बुजवायची आणि साधा रंग द्यायचा. कारागीर म्हणतात की हात चालवायला मदतनीस मिळाले तर मजुरी कमी होईल. ज्या तरुणांनी हरकत घेतली, त्यांनीच प्लास्टर कालवायला यावे, अशी आमची त्यांना प्रेमाची विनंती आहे. माती आणि प्लास्टर हातात घेतले की खर्चाचा हिशेब वेगळा दिसू लागतो, हे त्यांना आम्ही सांगण्याची गरज पडणार नाही.

अंतिम निर्णय मात्र आपल्या सर्वांचा. आपल्यापैकी ज्यांनी १९७२ पाहिले आहे, त्यांनी या बैठकीला मुद्दाम यावे आणि बोलावे. आपल्या आठवणी नाहीत तर आम्हा पुस्तकी माणसांकडे फक्त सनावळ्या उरतात.

या आठवड्यात संध्याकाळी ग्रोटोवरून जाताना दोन मिनिटे थांबा. पावसासाठी प्रार्थना करा, आणि ज्यांच्या घरी हंडे रिकामे आहेत त्यांच्यासाठीही. मूर्तीचे तुटलेले हात पाहून कोणाला वाईट वाटले, तर ज्याचे हात खडी फोडून फुटले आहेत त्याचीही आठवण करा. मातमाउली दोन्ही हातांना ओळखते.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपले धर्मगुरू